हळद लागलेल्या बिया

नातसुनेनं पंधरा दिवसांपूर्वी मोबाइलवरून बिया मागवल्या. चकचकीत पाकिटं, वर लालबुंद टमाट्याचं चित्र, आणि आत दहा दाणे. दहा! मी पाकीट उलटं करून झटकलं, तर ती म्हणाली, “आजी, एवढ्याच असतात.” गच्चीवर तिनं कुंड्या मांडल्यात, विकतची माती आणलीय. (माती विकत! ऐकावं ते नवल.) आणि फ्रीजवर एक यादी चिकटवलीय, संकट आलं तर घरात काय काय असावं त्याची. तांदूळ, डाळ, मेणबत्त्या, पाण्याचे कॅन, तापाच्या गोळ्या. टाळेबंदीत पोरीनं फार धसका घेतला होता, त्यात तिची चूक नाही. मी चष्मा लावून यादी पूर्ण वाचली. जन्म मास्तरकीत गेला, दुसऱ्याचं लिहिलेलं तपासल्याशिवाय राहवत नाही. यादी चांगली होती. फक्त तिच्यात शेजारीण नव्हती. मी तसं म्हटलं, तर ती हसली. तिला वाटलं, म्हातारी गंमत करतेय.

गंमत नव्हती. पण दुपारी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हे, म्हणून मी खिडकीशी जाऊन बसले.

बाहेर फाल्गुन आहे. टेकडीवरचा पळस फुलून आता गळायला लागलाय, कडुलिंबाला बारीक मोहोर आलाय, आणि दुपारी रस्त्यावरून जी झळ येते तिला वाळल्या गवताचा वास आहे. वसंत म्हटलं की लोक कोकिळा काढतात, आमराई काढतात. आमच्या यवतमाळकडे वसंताची पहिली खूण म्हणजे विहिरीचा दोर कमी पडायला लागतो. अशात बाग कसली करता, असं परक्याला वाटेल. पण आमच्याकडच्या बायकांची खरी बाग याच दिवसांतली. पावसाळ्यात काय, दगडावर टाकलं तरी उगवतं. भांड्याच्या पाण्यावर, चुलीच्या राखेवर आणि हट्टावर चैत्रात जे उगवतं, त्याची चव निराळी.

दर फाल्गुनात मला सत्तावन सालचा फाल्गुन आठवतो. दीक्षेनंतरचा पहिला. मला सतरावं लागलं होतं. माहेर दारव्ह्याकडचं, आणि लग्न होऊन मी आले होते पार वणीकडच्या एका खेड्यात. गावाच्या खालच्या अंगाला, नदीकडे, आमची बारा घरांची वस्ती. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं आता नीट वागतात, लग्नाकार्याला बोलावतात, कशाला उगाच जुनं उकरा. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे, सासऱ्यांना मामाजी. मामाजींचं नाव सूर्यभान. उंच, हाडकुळे, भरघोस मिशा, आणि बोलणं इतकं कमी की घरात आहेत की नाहीत ते खोकल्यावरून कळायचं. पण एकदा बोलले की तो शब्द म्हणजे जमिनीत ठोकलेला खुंटा. वस्ती त्यांच्या शब्दावर चालायची.

आदल्या दसऱ्याला वस्तीतले लोक नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. गेले तेव्हा खांदे पाडून गेले होते, आले ते चालच बदलून आले. दुसऱ्याच दिवशी मामाजींनी सगळ्यांना लिंबाखाली बसवलं.

“आता घरात देव नाई राह्यला पायजे,” ते म्हणाले. “देव राह्यला तं त्याच्या मांगं जुनं समदंच येते. मेलेलं ढोर येते, भाकर मांगणं येते. ज्याच्या घरी देव सापडन, त्याच्या घरचं पाणी वस्तीनं प्याचं नाई. कबूल?”

सगळ्यांनी हात वर केले. कडक होतं खरं. पण मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. माझी आई लोकांच्या दारात, अंगणाच्याही बाहेर, पदर पसरून शिळ्या भाकरीची वाट पाहत उभी राहायची. मी तिचा पदर धरून उभी असायचे. त्या उभं राहण्यातून ज्यांनी मला सोडवलं, त्यांच्यासाठी माझ्या कातड्याचे जोडे करून घातले तरी ते उपकार फिटायचे नाहीत.

तर त्या दिवशी बाराही घरांचे कोनाडे रिकामे झाले. टाक, शेंदराचे दगड, तेलकट फडकी, घंट्या, सगळं टोपल्यांत भरलं आणि नदीत सोडलं. आणि त्याच टोपल्यांतून आमची बियाण्याची गाडगीही गेली.

हे नीट सांगायला हवं. आमच्याकडे परसातल्या भाजीचं बियाणं देवाच्या कोनाड्यात ठेवायची रीत होती. गाडग्यात राख, राखेत बिया, तोंडाला शेणाचं लिंपण. देवाजवळच का? तर तिथं भुकेचा हात जात नाही. आषाढात घरात दाणा नसला की पोरं काय, मोठी माणसंही भोपळ्याच्या बिया भाजून खातात. देवाजवळचं मात्र कोणी खात नसे. म्हणजे देव हे आमचं कुलूप होतं म्हणा ना. आता कोनाडा रिकामा करा म्हटल्यावर आम्ही तो रिकामा केला, अगदी तळापासून पुसून काढला. गाडगं देवाचं नव्हे, आपलं होतं, हे बारा घरांतल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. आमचं गाडगं तर मी स्वतःच्या हातानं पाण्यात सोडलं. बुडबुड करून खाली गेलं, त्याचं मला हसू आलं. नवी नवरी, अक्कल कुठली असणार!

माघात गावातल्या एका मोठ्या घरचा बैल मेला. ओढून न्यायला बोलावणं आलं. आमचं कोणी गेलं नाही. दोन दिवस बैल तिथंच पडून होता, तिसऱ्या दिवशी त्यांचा त्यांनी ओढून नेला. आणि त्यानंतर आम्हाला गाव बंद झालं. वावरात काम नाही, दुकानात मीठ नाही, ताक नाही, बांधावरून जायला वाट नाही. विहिरीचं काय सांगू, ती आधीही आमची नव्हती. नदीच्या वाळूत झिरे खणायचे आणि वाटीवाटीनं घागर भरायची, ते पाणी आमचं. गावातली सगळी माणसं वाईट होती असं मी म्हणणार नाही. पण चांगली माणसं अशा वेळी आपापल्या घरात बसतात, हेही मी तेव्हाच पाहिलं.

वस्तीतले तरणे पुरुष राजूरला कोळशाच्या खाणीवर काम शोधायला निघाले. माझे मालकही त्यांत होते. जायच्या सकाळी मामाजींनी उरलेल्यांना सांगितलं, “पेरणीपावतर काढा. पेरणीले त्याईचं आपल्याबिगर भागत नाई, येतीन बोलवाले. पण तवापावतर एका जरी घरानं पोटासाठी ढोर उचललं, तं संपलं. मंग दीक्षा घेतली काय न नाई घेतली काय.”

म्हणजे गोष्ट एवढीच होती. चार महिने. म्हातारी माणसं, बाया आणि लेकरं यांनी उन्हाळाभर गावापुढे हात पसरायचा नाही. कणगीत थोडी ज्वारी होती. रानात मोहाची फुलं होती, पुढे तेंदूची टेंभरं पिकणार होती. आत्याबाई म्हणाल्या, “जवारी पुरवून पुरवून खाऊ. पण लेकरं नुसती कोरडी भाकर किती दिवस खातीन? होळी झाली, आता आळे करा. आज लावलं तं वैशाखात हाती येते.” आणि बोलता बोलता त्यांचा हात सवयीनं कोनाड्याकडे गेला. कोनाडा स्वच्छ. मी मागे उभी होते. त्यांनी हात तसाच काही वेळ आत ठेवला, मग बाहेर काढून लुगड्याला पुसला.

“आवं माय,” एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत बाराही घरांतून तोच सूर. बाया एकमेकींकडे बघायच्या आणि कपाळाला हात लावायच्या. आत्याबाई आणि मी उन्हातान्हात वणीच्या बाजारापर्यंत जाऊन आलो. बाजारात भाजी होती, बियाणं कुठलं? भाजीवाली कोवळं विकते, जून झालेलं बियांचं ती घरी ठेवते. एकीला दया आली, तिनं मूठभर गवारीच्या बिया दिल्या. घरी येऊन पाहिलं तर सगळ्या किडलेल्या.

तरी मामाजी म्हणाले, “आळे करा.”

आमच्या समोरच भागाबुढीचं घर होतं. भागाबाई खरं नाव, पण वस्तीत सगळ्यात म्हातारी म्हणून भागाबुढी. एकटी राहायची. पाच लेकरं झाली, एकही जगलं नाही, नवराही कधीचाच गेलेला. मामाजींना अरेतुरे करणारी अख्ख्या वस्तीत ती एकटीच. ओट्यावरून ओरडली, “आळे करून त्यात लावाचं काय रे सूर्यभान? तुह्या मिशा?”

बाया पदर तोंडात कोंबून हसल्या. सुनेनं सासऱ्यावर हसू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं. मामाजी हसले नाहीत. “जागा तयार पायजे, भागाबाई. बियाणं आलं अन् जागाच नसली, मंग?”

तर आम्ही बियाणं नसताना आळी केली. आज आठवलं की मला त्या माणसाचं कौतुक वाटतं, तेव्हा मात्र हात सोलवटले होते म्हणून मनात शिव्या देत होते. फाल्गुनात ती काळी माती म्हणजे वीटच. आदल्या दिवशी घागरभर पाणी ओतून ठेवायचं, सकाळी सब्बलीनं ढेकूळ काढायचं. त्यात शेळ्यांच्या लेंड्या, चुलीची राख, वाळला पाला. भोवती कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचं आणि बोरीच्या काट्यांचं कुंपण. भांडी घासायची जागा हलवून आळ्याजवळ नेली, आंघोळीचा दगडही तिथंच. आत्याबाईंचा नियम होता, “पाणी सांडाचं नाई, पाठवाचं.” एकाच लोट्यानं ज्वारी धुवायची, त्याच पाण्यानं हात, आणि ते पाणी काडीनं केलेल्या चरीतून आळ्यात. रिकाम्या आळ्यात पाणी मुरताना बघायला कसं वाटतं, ते काय सांगू. नुसता ओल्या राखेचा वास यायचा.

एका दुपारी भागाबुढीनं मला हाक मारली. “ये वं पोट्टे, माह्या डोक्यातल्या उवा पाह्यून दे.”

मी गेले. उवा नव्हत्याच. तिनं इकडे तिकडे पाहिलं, आत गेली आणि एक पुरचुंडी आणून माझ्या हातात दाबली. “घे. कोठून आणलं ते इचारू नको. अन् तुह्या मामाजीले सांगशीन तं पाह्य.” मग पुरचुंडी सोडून बोटानं दाखवायला लागली. “हे लवकीचं. हे ढेमसं. हे बरबटी, हिले मांडव लागते. अन् हे कारलं. कारल्याचे दोनच वेल लावजो, जास्त लावले तं घरातल्या बाया कडू होतेत.” (लवकी म्हणजे तुमचा दुधी भोपळा, बरबटी म्हणजे चवळी.)

मला इतका आनंद झाला की मी तिच्या पाया पडायला वाकले. तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला. “पाया कायले पडतं? जाय, भिजू घाल.”

घरी येऊन बिया वाटीत भिजत घातल्या. घटकाभरानं पाहते, तर पाणी पिवळंजर्द. तळाशी कुंकवाची लाल रेघ. मी बघतच राहिले. आमच्या राखेतल्या बिया भिजवल्या की पाणी राखाडी व्हायचं. एवढी हळद तेव्हाच लागते, जेव्हा रोज सकाळी कोणीतरी चिमूट चिमूट वाहत असतं. म्हणजे त्या बिया देवाजवळच्या होत्या. म्हणजे देव होता. तिच्या घरात, त्या अंधाऱ्या खोलीत, एवढे दिवस.

आत्याबाई मागे कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही. “कोनं देलं?” त्यांनी विचारलं. उत्तराची वाटही पाहिली नाही. त्यांनी वाटीकडे पाहिलं, समोरच्या दाराकडे पाहिलं, आणि आवाज बारीक करून म्हणाल्या, “धू. तीन डाव धू.” मी पाणी टाकायला उठते, तोच मामाजी दारात.

“पाणी काहून पिवळं?”

“हळद सांडली,” आत्याबाई म्हणाल्या.

मामाजींनी वाटीत डोकावून पाहिलं. मग खुंटीवरचा दुपट्टा घेऊन बाहेर गेले. पाणी बंद, हे दोन शब्द ऐकायला सोपे. पण सत्तरीच्या एकट्या बाईचं पाणी वस्तीनं बंद करायचं, म्हणजे तिच्या ओट्यावर कोणी बसणार नाही, तिच्या हातचं कोणी घेणार नाही, तिला हाक मारणार नाही. गावानं आम्हाला जे केलं होतं, तेच आम्ही तिला करायचं. आणि हे ठाऊक असून तिनं बिया दिल्या. कोनाड्यात ठेवून, मुकाट आपल्यापुरती लवकी खाऊन ती उन्हाळा काढू शकली असती. मी आजवर पुष्कळ दानशूर पाहिले, सत्कारही पाहिले. पण स्वतःची चोरी उघडी पडेल हे माहीत असून ओंजळ उघडणारी तीच एक.

आठ-दहा दिवसांनी झिऱ्यावर माझी शेजारीण कौसल्या भेटली. तिच्या कडेला पोर, सारखं आजारी, मान टाकलेलं. तिनं विचारलं, “तुमच्या आळ्यात उगवलं म्हन्तात?”

“हो, माह्या मायेरून आलं बियाणं.”

“माह्याबी मायेरूनच आलं,” कौसल्या म्हणाली आणि घागरीत बघायला लागली.

मग कळलं, अकराही घरांत उगवलं होतं. एकीला भावानं पाठवलेलं, एकीला वाटेत सापडलेलं, एकीच्या जुन्या लुगड्याच्या गाठीत निघालेलं. थापाच थापा! भागाबुढीनं एकेकीला उवा बघायला बोलावलं होतं, आणि प्रत्येकीनं आपली वाटी तीनदा धुतली होती. सगळ्यांना ठाऊक, आणि प्रत्येकीला वाटायचं की आपल्यालाच ठाऊक. बायकांच्या पोटात काही राहत नाही म्हणणाऱ्यांनी त्या चैत्रात आमच्या वस्तीत यायला हवं होतं.

नातसुनेच्या कुंडीत काल पहिला कोंब आला, तर ती फोटो काढत होती. मी वाकून बघायला गेले. गुडघे ओरडले, पण गेले. दोन निमुळती पानं, आणि एकाच्या टोकाला अजून बीचं टरफल अडकलेलं. ते बोटानं काढायचा मोह होतो, काढायचं नसतं. सतराव्या वर्षी मी ते काढलं होतं आणि एक लवकी मुळासकट हातात आली होती. आत्याबाई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

पण बाकीच्या वेलांनी काय जोर धरला! बरबटी मांडवावर चढली. ढेमशाची खरखरीत पानं अंगणभर सरपटायला लागली, पहाटे चालताना पायाला लागायची. संध्याकाळी उन्हं उतरली की लवकीची पांढरी फुलं उमलायची, आणि आम्ही बाया ओट्याओट्यांवर बसून त्या फुलांकडे बघत निवांत बोलत बसायचो. आसपास सगळं रान करपलेलं, गावातल्या लोकांच्या परसातही धूळ, आणि आमच्या वस्तीवर हिरवळ. वैशाख लागताच पहिली ढेमसं उतरली. कोवळी, लव असलेली. आत्याबाईंनी त्यांत मीठ-मिरची भरून चुलीवर परतली. तेल नावालाच होतं. मी त्या भाजीबरोबर भाकरी खाल्ली आणि रडले. तिखट लागलं म्हणाले. कौसल्याचं पोरही लवकीच्या पाण्यात कुस्करलेली भाकर खायला लागलं.

त्याच सुमारास गावातून एक माणूस आला. एका घरची गाय मेली होती. भर उन्हात तो डोक्यावर ज्वारीची टोपली घेऊन वस्तीच्या तोंडाशी उभा राहिला. “कोनी येत असन तं हे आताच ठेवून जातो,” म्हणाला. मामाजी रानात गेले होते. आम्ही बायाच होतो. टोपली शिगोशिग होती आणि आमच्या कणगीचा तळ दिसायला लागला होता, हे आम्हाला ठाऊक होतं. कौसल्या त्या ज्वारीकडे बघत होती. मीही बघत होते, खोटं कशाला सांगू. कोणी हो म्हणेना आणि कोणी नाही म्हणेना.

आत्याबाई उठल्या. मांडवावरच्या दोन लवक्या तोडल्या, ओटीत ढेमसं घेतली, आणि जाऊन त्याच्या टोपलीत ज्वारीवर ठेवली. “आमच्यातलं कोनी येत नाई, भाऊ. पण तुमी रिकाम्या हातानं जाऊ नोका. उन्हायात तुमच्या घरी भाजी नसन.”

पण नेली हो त्यानं! लवकी कोणाला नको असते? टोपली सावरत तो बांधावरून जाईपर्यंत आम्ही उभ्या होतो. मला माझी आई आठवली. तिच्या हातानं जन्मभर घेतलंच होतं, कोणाला काही द्यायची वेळ तिच्यावर आलीच नाही. त्या दिवशी आत्याबाईंचा तो खाली वळलेला तळहात मी पाहिला, आणि मला वाटलं, झालं, आता आपण परत जात नाही.

आणि मग वैशाखी पौर्णिमा आली. दीक्षेनंतरची पहिली. लिंबाखाली सारवलं, राजूरहून पुरुष आले, बाराही घरांतली भाजी एकाच हंड्यात शिजायला टाकली. सकाळची वेळ होती. वणीत दीक्षेचं काम बघणाऱ्या मंडळींनी विचारणा केली होती की तुमच्या वस्तीतली सगळी घरं देवांपासून मोकळी झाली का. मामाजींनी ते उत्तर सगळ्यांसमोर सांगायचं ठरवलं होतं. ते उभे राहिले, दुपट्टा सारखा केला.

“आपल्या वस्तीतले बाराही घरं—”

“अकरा,” भागाबुढी म्हणाली.

मामाजी थांबले. ती मागून पुढे आली. पदर डोक्यावर घेतलेला, आवाज खणखणीत.

“अकरा म्हन, सूर्यभान. माह्यासाठी खोटं नोको बोलू. माह्या घरी देवी हाये. टोपल्यात टाकाले गेली न हातच उठला नाई माहा. पाच लेकरं पोचवली मी नदीवर, आखरीले बोलाले घरात कोनी राह्यलं नाई. तिच्यासंगंच बोलत राह्यली मी. आता पाणी बंद करा का काई करा. मी काई म्हननार नाई.”

बियांबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही. काढायची गरजही नव्हती. हंडा समोर रटरटत होता आणि त्याचा वास सगळ्यांच्या नाकात होता. बाया खाली बघत होत्या. मी मामाजींच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनीच ठरवलेला नियम, सगळ्यांनी हात वर करून कबूल केलेला. तो आज वाकला तर उद्या कोणी कुठलाही शब्द वाकवील. आणि नाही वाकला तर समोर उभी असलेली ही बाई... मी मनात म्हणत होते, मामाजी, नका, नका हो.

मामाजी लिंबाखालून निघाले आणि सरळ तिच्या घराकडे चालायला लागले. सगळी वस्ती मागे. भागाबुढी धावत म्हणाली, “आत नोको जाऊ. मीच आनून देतो, मीच टाकतो नदीत.” पण मामाजी आत गेलेच नाहीत. ते तिच्या ओट्यावर मांडी घालून बसले.

“भागाबाई, तहान लागली. पाणी दे.”

ती हलेना. “आयकलं नाई का रे? घरात देवी हाये.”

“मले ठाऊक हाये. सुनेच्या वाटीत पाह्यलं तवापासून ठाऊक हाये. पाणी दे.”

ती आत गेली. लोटा घेऊन आली तेव्हा अर्धं पाणी हिंदकळून तिच्या लुगड्यावर सांडलं होतं. मामाजींनी उरलेलं सगळं, मान मागे टाकून, थेंब न ठेवता प्यायलं. मिशा पुसल्या. मग सगळ्यांकडे बघून म्हणाले, “आपुन देव ठेवनार नाई. लेकराईले शिकवनार नाई. ढोर उचलनार नाई. पन पाणी बंद करनं हे आपलं काम नोहे. ते माहं चुकलं.”

त्या माणसाच्या तोंडून ‘चुकलं’ हा शब्द मी तेवढाच ऐकला. एवढ्या वर्षांत मी कित्येकांना नियम करताना पाहिलं. सगळ्यांसमोर बसून, ज्यांनी आपल्या शब्दावर हात वर केले त्यांच्याच देखत, आपला नियम पाण्याच्या घोटाबरोबर गिळणारा मी दुसरा पाहिला नाही. मी त्यांची ऋणी आहे, आणि त्या म्हातारीचीही.

आत्याबाई पुढे झाल्या. “मलेबी दे वं,” म्हणाल्या. मग कौसल्या, तिनं पोराला आधी पाजलं. मग राजूरहून आलेले पुरुष, मग म्हातारे, मग लेकरं, सगळे त्या ओट्यासमोर रांग लावून उभे. भागाबुढी आत-बाहेर करत होती, लोट्यावर लोटा भरून आणत होती, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता. एकट्या बाईचा माठ तो, केवढासा असणार? माझी पाळी येईपर्यंत संपला. मी तिच्या दारातली घागर कमरेवर घेतली आणि झिऱ्यावर पाणी आणायला गेले.